प्रवासाहून परतलेला रुग्ण, मेंदूज्वर आणि गोचीड : निदानापर्यंत कसे पोहोचावे

ताप, डोकेदुखी, उलट्या, झटके किंवा असंबद्ध बोलणे अशा तक्रारी घेऊन रुग्ण सांगली-मिरजेच्या रुग्णालयात दाखल झाला की आपण मलेरिया, डेंगी, क्षयाचा मेंदूज्वर, हर्पिस आणि पावसाळ्याच्या अखेरीस स्क्रब टायफस यांचा विचार करतो. तो क्रम योग्यच आहे, कारण इथल्या बहुतेक रुग्णांचे उत्तर त्यांतच सापडते. परंतु हा रुग्ण गेल्या महिना-दीड महिन्यात बाहेरगावी किंवा परदेशी राहून आलेला असेल, तर गोचिडीमार्फत होणारे मेंदूचे संसर्गही विचारात घ्यावे लागतात, आणि मुद्दाम विचारल्याशिवाय ते कोणालाही आठवत नाहीत. तालुक्याच्या ठिकाणी काम करणारे डॉक्टर आणि वैद्यकीय महाविद्यालयातील निवासी डॉक्टर यांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले आहे. यात सर्वाधिक भर आजाराच्या तारखांवर दिला आहे, कारण कोणती तपासणी करायची आणि आलेल्या अहवालावर किती विश्वास ठेवायचा, हे दोन्ही तारखांवरूनच ठरते.

प्रवासी कोणाला म्हणायचे

प्रवासी म्हटले की आपल्यासमोर विमानाने सहलीला जाऊन आलेली व्यक्ती उभी राहते. प्रत्यक्षात आपल्या भागातून बाहेर जाणाऱ्यांचे प्रकार पुष्कळ आहेत. विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातील गलाई (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातील कुटुंबे दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत भारतभर पसरलेली आहेत आणि यात्रा, लग्नकार्य यांसाठी गावी येत-जात असतात. काजूच्या हंगामात तळकोकणात आणि गोव्यात मजुरीला जाणारे लोक आहेत. रशियात वैद्यकीय शिक्षण घेणारी मुले आहेत, जर्मनीत नोकरीला असलेले अभियंते आहेत आणि मुलांना भेटायला अमेरिकेत जाऊन चार-सहा महिने राहून येणारे आई-वडीलही आहेत. या प्रत्येकाचा धोका वेगळा आहे. म्हणून केसपेपरवर केवळ ‘परदेशी प्रवास : नाही’ असे लिहून थांबू नये.

सर्वांत जवळचा आणि म्हणूनच सर्वांत महत्त्वाचा धोका माकडतापाचा, म्हणजेच क्यासनूर फॉरेस्ट डिसीजचा आहे. 1957 साली कर्नाटकातील शिवमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, आसपासच्या गावांतील माणसे तापाने आजारी पडली आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी हा विषाणू शोधून काढला. पुढे तो वायनाड, निलगिरी, गोव्यातील सत्तरी तालुका आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यापर्यंत आढळला. दोडामार्गाहून सांगलीला माणूस एका दिवसात पोहोचतो, आणि त्याला आपण प्रवासी मानतच नाही. हेमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही जंगलातील गोचीड हा विषाणू पसरवते. रुग्ण प्रामुख्याने डिसेंबर ते मे या काळात आढळतात, आणि काजूचा हंगामही याच काळात येतो.

परदेशातून येणाऱ्यांमध्ये प्रथम टिक-बोर्न एन्सेफलायटिस (गोचिडीतून होणारा विषाणूजन्य मेंदूज्वर), म्हणजे टीबीई, आठवावा. ऑस्ट्रिया, चेक प्रजासत्ताक, स्वित्झर्लंड, स्लोव्हेनिया, दक्षिण जर्मनीतील बव्हेरिया आणि बाडेन-वुर्टेमबर्ग, बाल्टिक देश, स्वीडन आणि रशियाचा फार मोठा भाग, शिवाय मंगोलिया, उत्तर चीन व जपानमधील होक्काइडो येथे हा आजार आहे. तेथील हंगाम साधारण एप्रिल ते नोव्हेंबर असा असतो. युरोपातच लाइम या गोचिडीतून होणाऱ्या जीवाणूजन्य आजाराचा मेंदू व नसांवर परिणाम करणारा प्रकार आढळतो. अमेरिकेच्या ईशान्य भागातून आणि ग्रेट लेक्सच्या परिसरातून येणाऱ्यांमध्ये लाइमबरोबरच पोवासान विषाणू लक्षात ठेवावा. अमेरिकेतूनच रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर आणि एर्लिकिओसिस हे आजारही येऊ शकतात. ते जीवाणूंमुळे होतात आणि वेळेत ओळखले तर औषधाने बरे होतात.

प्रश्न विचारताना शब्द जपून वापरावेत. ‘गोचीड चावली होती का?’ असे विचारले की आपल्याकडच्या माणसाला म्हशीच्या कासेला चिकटलेली, रक्त पिऊन टम्म फुगलेली गोचीड आठवते आणि तो ‘नाही’ म्हणतो. पण बहुतेक वेळा चावणारी असते ती खसखशीच्या दाण्याएवढी पिल्लावस्थेतील गोचीड, आणि ती चावल्याचे कळतही नाही. टीबीईच्या बऱ्याच रुग्णांना चावा आठवत नाही. म्हणून चावा नाकारला तरी निदान नाकारू नये. त्याऐवजी रुग्ण झाडाझुडपांत, गवतात, जंगलाच्या कडेला गेला होता का, तंबूत झोपला होता का, लाकूडफाटा गोळा केला का, आसपास माकडे मेली होती का, असे विचारावे. शेळी-मेंढी-गाईचे न तापवलेले दूध किंवा त्याचे ताजे चीज खाल्ले का, हाही प्रश्न विचारावा, कारण टीबीई दुधातूनही होतो.

आजाराचा पहिला दिवस कोणता

या विषयातले खरे मर्म येथे आहे. टीबीई हा अनेकदा दोन टप्प्यांत येणारा आजार आहे. चावल्यानंतर साधारण 7 ते 14 दिवसांनी पहिला ताप येतो, अंग दुखते, थकवा येतो, आणि 2 ते 7 दिवसांत हे सर्व थांबते. मग सुमारे आठवडाभर, कधी त्याहून अधिक, रुग्ण पूर्ण बरा असतो. त्यानंतर दुसरा ताप येतो तो तीव्र डोकेदुखी, मान आखडणे, हात थरथरणे, तोल जाणे किंवा भान हरपणे यांसह. दुधातून संसर्ग झाला असेल तर पहिल्या तापापूर्वीचा काळ अवघ्या तीन-चार दिवसांचा असू शकतो. माकडतापाचेही काही रुग्णांत असेच होते : चावल्यानंतर 3 ते 8 दिवसांनी अचानक जोराचा ताप, तीव्र अंगदुखी, डोळे लाल होणे, क्वचित रक्तस्राव, आणि बरे वाटल्यावर एक-दोन आठवड्यांनी काही जणांना पुन्हा ताप, मान आखडणे, थरथर आणि मानसिक गोंधळ.

समजा, विट्याचा एक तरुण बव्हेरियात नोकरीला आहे. 14 मे रोजी तो मित्रांसोबत डोंगरात फिरायला जातो. 24 मे रोजी त्याला ताप येतो, 28 मे रोजी उतरतो, आणि तो 2 जूनला गावी येतो. 6 जूनला त्याला पुन्हा ताप येतो, डोके असह्य दुखते, आणि 8 जूनला घरचे लोक त्याला मिरजेला आणतात. घरच्यांच्या हिशेबाने आजार दोन दिवसांचा आहे. बाह्यरुग्ण विभागातील डॉक्टरही ‘दोन दिवस ताप’ असेच लिहितात आणि त्या हिशेबाने विषाणूचा पीसीआर (विषाणूचे जनुकीय अंश शोधणारी तपासणी) आणि डेंगीचे एनएस-1 (विषाणूचे प्रथिन शोधणारी तपासणी) मागवतात. प्रत्यक्षात आजाराचा तो सोळावा दिवस आहे. टीबीईचा विषाणू रक्तात पहिल्या टप्प्यात सापडतो. मेंदूची लक्षणे दिसू लागली की रक्तातील पीसीआर बहुधा निगेटिव्ह येतो आणि त्याच वेळी आयजीएम (नव्या संसर्गात आधी तयार होणाऱ्या) व आयजीजी (दीर्घकाळ टिकणाऱ्या) अँटिबॉडी मात्र सामान्यतः तयार झालेल्या असतात. म्हणजे चुकीच्या तारखेमुळे चुकीची तपासणी होते, ती निगेटिव्ह येते आणि आजार नाही असे कागदावर लिहिले जाते.

म्हणून कोणत्याही तपासणीच्या आधी एका कागदावर तारखांची पट्टी काढावी. प्रवासाला निघाल्याचा दिवस, जंगलात किंवा गवतात गेल्याचे दिवस, पहिला ताप, ताप उतरल्याचा दिवस, मधले निरोगी दिवस, परत आल्याचा दिवस आणि सध्याचा ताप, असे सर्व त्यावर असावे. रुग्ण बोलू शकत नसेल तर सोबत्याकडून माहिती घ्यावी, विमानाची व रेल्वेची तिकिटे पाहावीत आणि घरच्यांच्या संमतीने मोबाइलमधील छायाचित्रांच्या तारखा पाहाव्यात. त्यांतून कोणत्या दिवशी माणूस कोठे होता हे स्मरणापेक्षा खात्रीने कळते. अंगावर उठलेल्या चट्ट्याचे छायाचित्रही पुष्कळदा तिथेच सापडते. ‘मध्ये एकदा ताप येऊन गेला होता का?’ हा प्रश्न मी स्वतंत्रपणे आणि पुन्हा एकदा विचारण्याचा आग्रह धरीन, कारण तो ताप रुग्णाच्या दृष्टीने संपलेला असतो आणि आपणहून तो त्याचा उल्लेख करत नाही.

हीच पट्टी काही निदाने वगळायलाही उपयोगी पडते. परत आल्यानंतर दोन महिन्यांनी प्रथमच ताप आला असेल आणि दरम्यान रुग्ण गावाबाहेर गेला नसेल, तर टीबीई किंवा माकडताप जवळपास बाद होतो. लाइमचा मज्जासंस्थेवरील परिणाम मात्र चाव्यानंतर कित्येक आठवड्यांनीही दिसू शकतो.

अंगावर काय शोधायचे

रुग्णाला पूर्ण तपासावे, कपडे काढून आणि चांगल्या उजेडात. केसांच्या मुळाशी, कानामागे, काखेत, स्तनांखाली, बेंबीत, कमरेच्या पट्ट्याखाली, जांघेत आणि गुडघ्यामागे गोचीड किंवा काळी खपली असलेली जखम शोधावी. खपली रिकेट्सिया (स्पॉटेड फीव्हरसारखे ताप आणणारे जीवाणू) किंवा स्क्रब टायफसकडे बोट दाखवते. स्क्रब टायफस गोचिडीने नव्हे तर चिगर माइट्सने होतो, पण दोघांवरही डॉक्सिसायक्लिन चालते. तळहात-तळपायांवरील पुरळ रिकेट्सियाच्या बाजूने वजन टाकते. लाइमचा पसरत जाणारा गोल चट्टा सावळ्या कातडीवर पुस्तकातील चित्रासारखा लाल दिसत नाही. तो काळसर किंवा जुन्या मुक्या मारासारखा दिसू शकतो.

चेहरा दोन्ही बाजूंनी तपासावा, कारण दोन्ही बाजूंचा चेहऱ्याचा लकवा लाइममध्ये आढळतो, आणि पाठीतून किंवा कमरेतून निघणारी, रात्री वाढणारी, झोप न येऊ देणारी वेदना हेही त्याचे खास लक्षण आहे. खांदा आणि दंडाची शक्ती तपासावी. टीबीईमध्ये पोलिओसारखा ढिला लकवा बहुधा खांद्याच्या भागात येतो. पायांपासून वर चढत जाणारा लकवा असेल, ताप नसेल आणि पाठीतील पाणी (मेंदू व मणक्याभोवतीचा द्रव) निर्दोष असेल तर गिलां-बारे (नसांवर परिणाम होऊन येणारा लकवा) म्हणण्यापूर्वी केसांत गोचीड आहे का ते पुन्हा पाहावे. गोचिडीच्या लाळेतील विषामुळे होणारा लकवा गोचीड काढल्यावर बहुधा झपाट्याने ओसरतो. गोचीड काढताना बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल, टर्पेंटाइन किंवा चटका यांचा उपयोग करू नये. काढलेली गोचीड 70 टक्के अल्कोहोल असलेल्या बाटलीत तारीख लिहून ठेवावी.

पहिल्या काही तासांत

निदान पक्के होण्याची वाट पाहत उपचार थांबवता येत नाहीत. मलेरियाचे जाड व पातळ रक्तपट आणि जलद तपासणी ताबडतोब करावी. जाड पट आणखी एका कारणासाठी मोलाचा आहे : ताप चढलेला असताना घेतलेल्या पटात रिलॅप्सिंग फीव्हरचे (पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या तापाचे) बोरेलिया जीवाणू दिसू शकतात आणि बाबेसिया हा गोचिडीतून येणारा परजीवी मलेरियाच्या फाल्सिपॅरमसारखा दिसतो, हे प्रयोगशाळेतील सहकाऱ्याला आधी सांगून ठेवावे.

जीवाणूजन्य मेंदूज्वर आणि हर्पिस वगळले जाईपर्यंत सेफ्ट्रियाक्झोन दर 12 तासांनी 2 ग्रॅम आणि असायक्लोव्हिर दर 8 तासांनी प्रतिकिलो 10 मिलिग्रॅम, मूत्रपिंडाचे काम पाहून, सुरू ठेवावे. त्यासोबत डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. रिकेट्सियाच्या अँटिबॉडी सहसा पहिल्या आठवड्यात सापडत नाहीत, आणि रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हरमध्ये पाचव्या दिवसानंतर औषध सुरू झाले तर मृत्यूचा धोका वाढतो. लहान मुलांनाही या आजारात डॉक्सिसायक्लिनच द्यावे. दातांच्या रंगाची भीती या थोड्या दिवसांच्या उपचारात आड येऊ देऊ नये. रक्तस्रावाची शक्यता असलेल्या माकडतापाच्या संशयित रुग्णाला ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधे टाळावीत.

पाठीतील पाणी काढण्यापूर्वी प्लेटलेट पाहाव्यात. माकडतापात, डेंगीत आणि रिकेट्सियात त्या कमी असतात. नव्याने झटके आले असतील, एका बाजूची शक्ती गेली असेल, भान कमी होत असेल किंवा डोळ्याच्या पडद्यावर सूज असेल तर आधी सीटी स्कॅन करावा. पाणी काढताना त्याच वेळचे रक्तातील साखरेचे प्रमाण तपासायला पाठवावे, आणि पेशी, प्रथिने, साखर, ग्रॅम स्टेन, कल्चर, हर्पिसचा पीसीआर व क्षयाची सीबीनॅट यांसाठी पाणी दिल्यावर एक-दोन मिलिलिटर वेगळे गोठवून ठेवावे. हे राखून ठेवलेले पाणी आणि पहिल्या दिवसाचा सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) यांना पुढे मोल येते. तीन आठवड्यांनी दुसरा सीरम घेतला तरी पहिला नसेल तर तुलना कशाशी करणार? म्हणून दाखल करतानाच्या रक्तातील थोडा सीरम जपून ठेवणे मी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी तपासणी मानतो.

टीबीईमध्ये पाण्यात पेशी वाढतात, सहसा 500 च्या आत. बहुतांश लिम्फोसाइट असतात, पण सुरुवातीला न्यूट्रोफिल जास्त असू शकतात. प्रथिने थोडी वाढलेली आणि साखर बहुधा योग्य असते. रक्तातील चित्र फसवे असते : पहिल्या टप्प्यात पांढऱ्या पेशी व प्लेटलेट कमी होतात, तर दुसऱ्या टप्प्यात पांढऱ्या पेशी आणि सीआरपी (दाह दाखवणारे प्रथिन) वाढतात, आणि त्यामुळे तो जीवाणूजन्य आजार वाटतो. पहिल्या तापाचा परदेशातील रक्ताचा अहवाल मिळाला तर जरूर मागवावा. त्यातील कमी झालेल्या पांढऱ्या पेशी आताच्या चित्राशी जोडल्या की आजाराचे दोन्ही टप्पे उलगडतात. एमआरआय निर्दोष असला तरी टीबीई वगळता येत नाही. बदल दिसलेच तर ते थॅलॅमस, मेंदूचा देठ किंवा सेरिबेलम येथे असतात, आणि थॅलॅमसमधील बदल जपानी मेंदूज्वरातही तसेच दिसतात.

अँटिबॉडीचा अहवाल वाचताना

टीबीई, माकडताप, पोवासान, डेंगी, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाइल आणि पिवळा ताप हे सर्व एकाच कुळातील विषाणू आहेत आणि त्यांच्या अँटिबॉडी एकमेकांच्या तपासणीत पॉझिटिव्ह येतात. आपल्याकडील प्रौढ व्यक्तीला डेंगी कधी ना कधी होऊन गेलेला असण्याची शक्यता मोठी आहे. त्यामुळे जर्मनीहून आलेल्या रुग्णात डेंगीचा आयजीजी पॉझिटिव्ह आला तर त्यावरून आजच्या आजाराबद्दल काहीही सिद्ध होत नाही, आणि डेंगीचा आयजीएम पॉझिटिव्ह आला तरी तारखांची पट्टी पाहिल्याशिवाय निदान डेंगीवर बंद करू नये. याच्या उलटही खरे आहे : टीबीईचा आयजीजी एकटाच पॉझिटिव्ह असेल तर तो जुन्या डेंगीचा किंवा लसीचा परिणाम असू शकतो. पिवळा ताप, जपानी मेंदूज्वर आणि टीबीई यांच्या लसी घेतल्या आहेत का, कधी घेतल्या, हे मागणीपत्रावर लिहावे. शंका राहिली तर न्यूट्रलायझेशन तपासणी (अँटिबॉडी नेमक्या कोणत्या विषाणूला निष्प्रभ करतात ते पाहणारी) करून निर्णय घ्यावा लागतो, आणि दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांतील अँटिबॉडीची चौपट वाढ हा भक्कम पुरावा मानावा.

माकडतापात साधारण पहिल्या दहा दिवसांत रक्तातील आरटी-पीसीआर उपयोगी पडतो आणि पाचव्या दिवसानंतर आयजीएम सापडू लागतो. मधल्या दिवसांत दोन्ही पाठवावेत. मेंदूची लक्षणे तिसऱ्या आठवड्यात आली असतील तर आयजीएमवर भर द्यावा. लाइममध्ये केवळ रक्तातील अँटिबॉडी पुरेशा नाहीत, कारण त्या पूर्वीच्या संसर्गाच्याही असू शकतात आणि अगदी सुरुवातीला त्या नसूही शकतात. रक्त व पाठीतील पाणी एकाच दिवशी घेऊन अँटिबॉडी मज्जासंस्थेतच तयार होत आहेत का, हे दोन्हींच्या प्रमाणावरून ठरवावे लागते. सेफ्ट्रियाक्झोन दररोज 2 ग्रॅम किंवा डॉक्सिसायक्लिन दररोज 200 मिलिग्रॅम सामान्यतः दोन ते तीन आठवडे दिल्यावर हा आजार बरा होतो. मेंदूच्याच ऊतींत संसर्ग असेल तर शिरेतून सेफ्ट्रियाक्झोन द्यावे.

नमुना पुण्याला पाठवताना

माकडताप, टीबीई किंवा पोवासानचा संशय असेल तर नमुना पाठवण्यापूर्वी जिल्हा आरोग्य अधिकारी किंवा जिल्हा शल्यचिकित्सक यांच्याशी बोलावे आणि त्यांच्यामार्फत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेशी आधी संपर्क साधावा. कोणती तपासणी तेथे होईल, किती नमुना लागेल, तो बर्फावर पाठवायचा की गोठवून, हे आधी विचारून घेतल्यास साताऱ्यामार्गे पुण्याला निघालेला डबा परत येण्याची वेळ येत नाही. नमुना तीन आवरणांत, शीतसाखळी राखून पाठवावा. माकडतापाचा विषाणू प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांना झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून ‘माकडतापाचा संशय’ हे शब्द नळीवर आणि मागणीपत्रावर ठळक असावेत आणि स्थानिक प्रयोगशाळेने अशा रक्तातून विषाणू वाढवण्याचा प्रयत्न करू नये. रुग्णाला रक्तस्राव होत असेल तर क्रिमियन-काँगो ताप (गोचिडीतून पसरणारा रक्तस्रावी ताप) वगळला जाईपर्यंत त्याला वेगळे ठेवावे. 2011 साली गुजरातमध्ये त्याची नोंद झाली तेव्हा वैद्यकीय कर्मचाऱ्यांनाही संसर्ग झाला होता.

मागणीपत्रावर ‘मेंदूज्वर, कृपया तपासावे’ एवढेच लिहू नये. रुग्ण कोठे होता, कोणत्या तारखांना होता, पहिला ताप कधी आला व उतरला, सध्याच्या तापाचा दिवस कोणता, लसी कोणत्या घेतल्या आणि नमुना आजाराच्या कितव्या दिवशी घेतला, हे चार ओळींत लिहिले तर प्रयोगशाळेतील तज्ज्ञ योग्य तपासणी निवडू शकतात. टीबीई, माकडताप व पोवासान यांवर विषाणूविरोधी खास औषध नाही. श्वास, पाणी-क्षार, झटके आणि मेंदूची सूज यांची काळजी घेणे हाच उपचार आहे, आणि निदान पक्के झाले की अनावश्यक प्रतिजैविके बंद करता येतात. घरी सोडताना दुसऱ्या नमुन्याची तारीख डिस्चार्ज कार्डवर लिहून द्यावी आणि रुग्ण गावी जाणार असेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन करून ती कळवावी. माकडताप निघाला तर रुग्णासोबत त्याच रानात काम करणारे बाकीचे लोक कोणत्या गावांत परतले आहेत, हे त्याच दिवशी विचारून आरोग्य विभागाला द्यावे, म्हणजे त्यांच्यापैकी ज्याला पहिला ताप नुकताच आला असेल त्याचे रक्त पीसीआरसाठी योग्य दिवसांत घेता येईल.